चष्मा जमिनीवरून हातात येतो तेव्हा

मृत्यूवर शॉर्टफिल्म करायची असेल तर एखाद्या वस्तूपासून सुरुवात करा. माझ्याकडे बाबांचा चष्मा होता, उजवी दांडी काळ्या दोऱ्याने गुंडाळलेला. ते गेल्यावर तो कुणाला टाकवेना. माझी सात मिनिटांची फिल्म त्यावरच उभी राहिली: बाबा रोज रात्री चष्मा शोधायला येतात आणि ते आम्हाला दिसत नाहीत.

मग परलोकाचा नियम ठरवा, एकच. ढग, धूर काही नको. तेच घर, तीच माणसं. फक्त गेलेल्या माणसाचा काळ उलटा वाहतो, हा आमचा नियम.

यासाठी नटाला मागे मागे चालायला लावा आणि एडिटमध्ये शॉट रिव्हर्स करा. मागे चालताना आधी चवडा टेकतो, त्यामुळे उलटवल्यावर पाऊल जवळजवळ खरं पडतं. खटकतो तो शर्टाचा घोळ. तेवढं खटकणं पुरतं, जास्त करू नका. चष्मा आम्ही नटाच्या हातातून खाली टाकला. एका टेकमध्ये तो दोनदा उसळला. रिव्हर्समध्ये तो आधी जरासा हलला, मग थोडा उडाला, आणि धीर गोळा केल्यासारखा थेट बाबांच्या बोटांत गेला. मी एडिटिंगच्या टेबलावरून उठून बाहेर गेले. तोच टेक ठेवला.

अशा फ्रेममधल्या जिवंत माणसांना शॉट सरळ चालवला काय, उलटा काय, सारखंच दिसेल असं काम द्या. आमची आई बाळाला थोपटत होती. भिंतीवरचं घड्याळ काढा. बोलणाऱ्यांची पाठ कॅमेऱ्याकडे ठेवा, संवाद नंतर बसवा.

आरशातून पलीकडे जाणारा हात हवा असेल तर: फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ कॉक्तो यांनी १९५०च्या 'ऑर्फे' या चित्रपटात त्यासाठी पारा वापरला होता. पारा विषारी, त्याच्या वाटेला जाऊ नका. काळ्या तळाच्या ट्रेमध्ये पाणी भरा, तोच आरसा समजा, कॅमेरा वरून लावा आणि हात पाण्यात घाला.

आवाजावर मात्र जीव लावा. शूटिंगच्याच खोलीत सगळ्यांना गप्प बसवून मिनिटभर रूम टोन, म्हणजे रिकाम्या शांततेतला खोलीचा स्वतःचा आवाज, रेकॉर्ड करा. तो फिल्मभर खाली अंथरा आणि बाबा उंबऱ्यात आले की एकदम काढून घ्या.

घरच्यांना रडवू नका. ताईच्या रडण्याचा सीन मी लिहिला होता, शूटही केला, आणि काढला. त्याजागी ती चष्म्याचा सुटलेला दोरा बदलते. हा शेवटचा क्लोजअप सरळच ठेवला: चार वेढे, गाठ, दातांनी तोडलेला दोरा.