नव्या घरात मांजर रुळावे म्हणून

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते. मांजराचे बिऱ्हाड मात्र दाराच्या चौकटीला, सोफ्याच्या कडेला, कपाटाच्या कोपऱ्याला आणि आपल्या पोटऱ्यांना लागलेले असते. येता-जाता मांजर जिथे गाल, हनुवटी आणि कूस घासते, तिथे त्याच्या त्वचेतील ग्रंथींचा गंध मागे राहतो. आपल्याला तो जाणवत नाही, पण ही जागा आपली आहे आणि येथे भिण्यासारखे काही नाही, हे मांजराला त्यावरून समजते. घर बदलले की हा सगळा गंध एका दिवसात नाहीसा होतो, आणि त्याच्या जागी रंगाचा, नव्या लाकडाचा, आधी राहून गेलेल्या माणसांचा आणि कदाचित त्यांच्या कुत्र्याचाही वास येतो. कुत्रे माणसाला धरून राहते आणि मांजर घराला, असे म्हणतात त्यात एवढे तथ्य नक्कीच आहे. म्हणून घर हलवताना दोन गोष्टी सांभाळाव्यात: जुन्या घराचा वास शक्य तितका सोबत न्यावा, आणि नवे घर मांजराच्या हाती एकदम न सोपवता एकेक खोली करून द्यावे.

पहिल्या खेपेला मी नेमके उलट केले होते. नव्या घरात सगळे स्वच्छ असावे म्हणून आमच्या मनीची गादी, तिचे पांघरूण आणि पिंजऱ्यातला टॉवेल आदल्या दिवशी धुऊन काढला, आणि जुना लिटर बॉक्स, म्हणजे मलमूत्रासाठी ‘लिटर’ नावाची वाळू भरलेली मांजराची पेटी, टाकून नवाकोरा आणला. घरात सोडताच ती स्वयंपाकघरातल्या सिंकखालच्या कप्प्यात शिरली आणि पाइपांच्या मागे अंग चोरून बसली. दुसऱ्या रात्री मी दिवसभर अंगात असलेला सदरा त्या कप्प्यात ठेवून दिला. सकाळी पाहिले तर ती त्यावर बसलेली होती, तोंड मात्र भिंतीकडेच होते. घर बदलण्याच्या आधीच्या आठवड्यात मांजराची कोणतीही वस्तू धुऊ नये, हा नियम मी तेव्हापासून पाळत आले आहे.

तयारीची सुरुवात पिंजऱ्यापासून, म्हणजे कॅरिअरपासून करावी, आणि तीही घर बदलण्याच्या किमान दोन-तीन आठवडे आधी. बहुतेक घरांत हा पिंजरा माळ्यावर असतो आणि दवाखान्यात जाण्याच्या दिवशीच खाली येतो, त्यामुळे तो दिसताच मांजर पलंगाखाली पसार होते. तो बैठकीच्या खोलीत एका कडेला दार उघडे ठेवून मांडावा, आत मांजराची नेहमीची चादर घालावी आणि आवडीचा खाऊ अधूनमधून आत टाकत राहावे. मांजर आपण होऊन आत झोपू लागले की एक-दोन मिनिटे दार लावून पाहावे, मग पिंजरा उचलून घरातल्या घरात एक फेरी मारावी. वरूनही उघडणारा किंवा ज्याचे वरचे झाकण काढता येते असा पिंजरा घेतल्यास घाबरलेल्या मांजराला ओढून बाहेर काढावे लागत नाही.

याच दिवसांत पशुवैद्यांकडे एक फेरी उरकावी. लसीकरणाची नोंद आणि चालू औषधे सोबत घ्यावीत. गाव बदलणार असेल तर आधीच्या तपासण्यांच्या प्रतीही मागून घ्याव्यात. मांजर प्रवासात फारच घाबरत असेल, लाळ गाळत असेल किंवा उलट्या करत असेल, तर त्यावर औषधे आहेत. मात्र कोणते, किती आणि निघण्याच्या किती वेळ आधी द्यायचे हे पशुवैद्यच ठरवतील. माणसांची औषधे स्वतःच्या अंदाजाने कदापि देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराच्या जिवावर बेतू शकते. मांजराच्या कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप बसवलेली असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी, की चिपमध्ये पत्ता नसतो, केवळ एक क्रमांक असतो. त्या क्रमांकाशी जोडलेला पत्ता आणि फोन नोंदणीत बदलून घेतला नाही, तर हरवलेले मांजर सापडूनही घरी पोहोचत नाही.

सामान बांधण्याचे काम एका दिवसात उरकण्यापेक्षा थोडे थोडे करावे. रिकामी खोकी काही मांजरांना खेळणे वाटतात, तर काही मांजरे घरातल्या वस्तू हलू लागताच अस्वस्थ होतात. जेवणाच्या वेळा आणि खेळण्याची वेळ या धांदलीतही बदलू नये. मांजराचे सामान मात्र शेवटी बांधावे आणि वेगळ्या पिशवीत स्वतःजवळ ठेवावे: न धुतलेली चादर, वाट्या, स्क्रॅचिंग पोस्ट (नखे घासायचा खांब), दोन-तीन दिवसांचे नेहमीचे अन्न, लिटर बॉक्स आणि त्यातले थोडे वापरलेले लिटर.

सर्वात मोठा धोका सामान हलवण्याच्या दिवशी असतो. दारे सताड उघडी असतात, अनोळखी माणसे जड पावलांनी ये-जा करतात, आणि घाबरलेले मांजर एकतर दाराबाहेर पळते किंवा अशा फटीत शिरते की ट्रक निघायची वेळ झाली तरी सापडत नाही. म्हणून एक खोली सर्वांत आधी रिकामी करावी किंवा न्हाणीघर मोकळे करावे. सकाळीच मांजर, पिंजरा, पाणी आणि लिटर बॉक्स तेथे ठेवून दार लावावे, आणि ‘आत मांजर आहे, दार उघडू नये’ अशी मोठ्या अक्षरातली चिठ्ठी दारावर चिकटवावी. नुसते तोंडी सांगून भागत नाही, कारण दुपारनंतर मदतीला येणाऱ्याने ते ऐकलेले नसते. मांजराला या दिवसापुरते ओळखीच्या घरी ठेवण्याचा सल्ला पुष्कळजण देतात; मला तो फारसा पटत नाही, कारण त्यामुळे मांजराला एकाऐवजी दोन नव्या जागांना तोंड द्यावे लागते.

प्रवासाआधी तीन-चार तास जेवण देऊ नये, पाणी मात्र द्यावे. गाडीत पिंजरा हलणार नाही असा पट्ट्याने बांधावा किंवा पुढच्या सीटमागे खाली ठेवावा आणि त्यावर पातळ कापड टाकावे. मात्र हवा खेळती राहील हे पाहावे. मांजर कितीही ओरडले तरी वाटेत पिंजरा उघडू नये. उभ्या गाडीत खिडक्या बंद करून मांजराला क्षणभरही एकटे ठेवू नये, कारण उन्हात बंद गाडी काही मिनिटांत तापते.

नव्या घरी पोहोचण्यापूर्वीच तेथे मांजराची खोली ठरलेली असावी. ती लहान असली तरी चालते, किंबहुना लहान असलेलीच बरी. दार नीट लागणारे, रहदारी कमी आणि वॉशिंग मशीनचा आवाज नाही, एवढे पुरेसे आहे. एका कोपऱ्यात लिटर बॉक्स आणि त्यात जुन्या लिटरची ओंजळभर भर, त्याच्यापासून शक्य तितक्या दूर अन्न आणि पाणी, मध्ये कुठेतरी जुनी चादर, आणि लपण्यासाठी एक पुठ्ठ्याचे खोके आडवे करून ठेवावे. खोक्याला क्षुल्लक समजू नये. नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी निवारागृहात नव्याने आलेल्या मांजरांवर केलेला आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात ज्या मांजरांना लपायला खोके मिळाले त्यांचा ताण खोके नसलेल्या मांजरांपेक्षा लवकर उतरलेला आढळला. लपायला जागा मिळाली तर मांजर तिथून नव्या जगाकडे पाहू लागते. ती नसेल तर ते फ्रिजमागे जाते, आणि तेथून काढणे कोणालाच सोपे जात नाही. खोलीत पलंग किंवा कपाट असेल तर त्यामागच्या फटी आधीच बुजवाव्यात.

पिंजरा खोलीत नेऊन दार लावावे, पिंजऱ्याचे दार उघडावे आणि मांजराला बोलावू नये. ते पाच मिनिटांत बाहेर येईल किंवा रात्र झाल्यावर येईल. हात घालून ओढणे, उचलून घर दाखवणे, पाहुण्यांना दाखवणे हे सारे टाळावे. मांजर माणसांत रमणारे असेल तर आपण जमिनीवर बसून पुस्तक वाचावे, हळू आवाजात बोलावे. नजरेला नजर मिळाली तर रोखून न पाहता डोळे संथपणे मिटून पुन्हा उघडावेत. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली दाखवून दिले, की माणसाने असे डोळे मिचकावल्यास मांजरेही तसाच प्रतिसाद देतात आणि जवळ येण्याची शक्यता वाढते. स्वच्छ रुमाल मांजराच्या गालावर हलकेच फिरवून तो दाराच्या कडांना, टेबलाच्या पायांना मांजराच्या उंचीवर पुसत गेल्यास त्याचाच गंध त्याला जागोजागी भेटतो. बाजारात गालाच्या गंधाची नक्कल करणारे फेरोमोन डिफ्यूझर, म्हणजे तो गंध हवेत सोडणारी उपकरणे, मिळतात. काही मांजरांना त्यांचा उपयोग होतो, काहींना होत नाही. ते लावून बाकीची काळजी सोडू नये. सुगंधी तेलांचे डिफ्यूझर मात्र मांजर असलेल्या घरात लावूच नयेत.

पहिल्या दिवशी भूक मंदावणे, अंग चोरून बसणे, रात्री ओरडत फिरणे हे स्वाभाविक आहे. मात्र २४ तास उलटूनही मांजराने काहीच खाल्ले नाही तर पशुवैद्यांना कळवावे. मांजराचे शरीर उपास सहन करू शकत नाही. विशेषतः स्थूल मांजर काही दिवस उपाशी राहिले तर शरीरातील चरबी यकृतात साठू लागते, आणि हा आजार जीवघेणा ठरू शकतो. त्याहून तातडीची बाब लघवीची आहे. ताणामुळे मांजराच्या मूत्राशयाला सूज येते, आणि बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असल्याने तो पूर्ण बंद होऊ शकतो. बोका पुन्हा पुन्हा लिटर बॉक्समध्ये जाऊन जोर करत असेल आणि लघवी थेंबभर किंवा अजिबात होत नसेल, तर सकाळची वाट न पाहता त्याच वेळी दवाखाना गाठावा. म्हणून पहिले काही दिवस लिटर साफ करताना त्यातली लघवीने झालेली ढेकळे मोजण्याची सवय लावून घ्यावी. घुरघुरण्यावर भिस्त ठेवू नये. दुखणाईत आणि घाबरलेली मांजरेही घुरघुरतात.

पुढची खोली कधी उघडायची हे दिवसांवर नव्हे, तर मांजरावर ठरवावे. ते मोकळेपणाने खाऊ लागले, लिटर बॉक्स वापरू लागले, शेपटी उभी धरून आपल्याकडे येऊ लागले आणि दाराच्या कडेला गाल घासू लागले, की वेळ आली असे समजावे. कोणाला यासाठी दोन दिवस लागतात, कोणाला दोन आठवडे. एका वेळी एकच खोली, तीही घर शांत असताना उघडावी, आणि पहिल्या खोलीचे दार नेहमी उघडे ठेवावे म्हणजे घाबरल्यास मागे धावता येते. आमची मनी पहिल्यांदा बाहेर पडली तेव्हा भिंतीला घासत, पोट जमिनीला टेकवून, अख्ख्या बैठकीच्या खोलीची कडा हुंगत गेली, आणि बाहेर कुठेतरी दार आपटताच आल्या वाटेने परत पळाली. अशी पळापळ झाली म्हणजे काही बिघडले असे नाही. लिटर बॉक्स दुसरीकडे न्यायचा असेल तर आधी नव्या जागी दुसरा ठेवावा, मांजर तो वापरू लागल्यावरच पहिला उचलावा.

खोल्या उघडण्यापूर्वी घर मांजराच्या नजरेने तपासावे. खिडक्या आणि गॅलरीला घट्ट, न फाटणारी जाळी हवीच. मांजर कितीही उंचावरून पडले तरी चार पायांवर उभे राहते या समजुतीवर विसंबू नये. १९८७ साली न्यूयॉर्कच्या पशुवैद्यांनी उंच इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची माहिती प्रसिद्ध केली होती, आणि त्यांत छातीच्या, जबड्याच्या आणि पायांच्या दुखापती मोठ्या प्रमाणावर होत्या. लिलीची फुले घरात आणू नयेत; तिचे पान, फूल किंवा अंगावर पडून चाटले गेलेले परागही मांजराची मूत्रपिंडे निकामी करू शकतात. फरशी पुसताना फिनॉल असलेली जंतुनाशके वापरू नयेत, कारण मांजराच्या यकृताला ती पचवता येत नाहीत आणि फरशीवरून पंजाला, पंजावरून जिभेला लागायला वेळ लागत नाही.

घरात एकाहून अधिक मांजरे असतील तर लिटर बॉक्स मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त असावा आणि ते वेगवेगळ्या जागी असावेत. जुन्या घरात गुण्यागोविंदाने राहणारी मांजरे नव्या घरात एकमेकांवर फिस्कारू लागतात, तेव्हा मालक चक्रावतात. कारण साधे आहे: त्यांचा सामाईक गंध गेला आहे. भांडण वाढत असेल तर त्यांना वेगळ्या खोल्यांत ठेवावे, चादरींची अदलाबदल करावी आणि दाराच्या दोन बाजूंना जेवण देऊन पुन्हा ओळख करून द्यावी.

एखादे मांजर या काळात लिटर बॉक्सबाहेर लघवी करते. त्याला रागावू नये, नाक त्यात घालून दाखवणे तर मुळीच नको. ताण वाढतो आणि जागा मात्र तीच राहते. ते ठिकाण एन्झाइम असलेल्या क्लीनरने पुसावे, अमोनियाच्या क्लीनरने नव्हे, कारण अमोनियाचा वास लघवीसारखाच असतो. असे वारंवार होत असेल तर दोष स्वभावाला देण्याआधी तपासणी करून घ्यावी.

मांजर बाहेर जाणारे असेल तर किमान तीन-चार आठवडे त्याला घरातच ठेवावे. पहिल्यांदा सोडायचे ते जेवणाच्या आधी, दिवसाउजेडी, आपण दारात उभे असताना आणि दार मागे उघडे ठेवून, म्हणजे भूक त्याला परत आणते. जुने घर जवळच असेल तर अधिक सावध राहावे, कारण मांजरे जुन्या वाटेने माघारी गेल्याचे अनेकांनी अनुभवले आहे. तेथे राहायला आलेल्यांना मांजराचा फोटो आणि आपला फोन नंबर देऊन ठेवावा, आणि ते दारात दिसलेच तर खाऊ न घालता लगेच कळवावे, अशी विनंती करावी.