डांबराच्या साइटवर पहिला उन्हाळा

डिप्लोमा झाला की आपल्याकडची बरीच पोरं रस्त्याच्या कामावर सुपरवायझर म्हणून लागतात आणि डांबरीकरणाचा खरा जोर असतो एप्रिल-मेमधे, कारण पावसाच्या आत उरकायचं असतं. परभणी-नांदेड साइडला तेव्हा पारा ४२-४३ ला टेकलेला, त्यात पेव्हर म्हणजे डांबर अंथरायचं मशीन, त्याच्यामागं पडणारा खडी-डांबराचा माल १४० डिग्रीच्या वर. लेव्हल, जाडी हे सगळं तुम्ही शिकालच, मी दुसरंच सांगतो, या उन्हात माणसं कशी सांभाळायची ते.

आधी पाण्याचा जार कुठंय ते बघा. सकाळी काम जिथं सुरू झालं तिथंच तो लिंबाखाली राहतो आणि दुपारपर्यंत पेव्हर पार पुढं गेलेला असतो, मग तेवढं चालत मागं कोण जाणार? आमचे रोलरवाले मामा ओलं गोणपाट गुंडाळलेला कॅन रोलरवरच बांधायचे. गरम मालावर रोलर उभा करत नाहीत, खड्डा पडतो, म्हणून मागं गार झालेल्या पट्ट्यावर येऊन थांबायचे आणि नुसता हात करायचे. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना.

दुसरं, "थकलास का रे" असं चारचौघांत विचारू नका. रोजंदारीचा माणूस कधीच हो म्हणणार नाही, खाडा पडायची भीती असते. त्यापेक्षा "इकडं ये, डंपर मागं घ्यायचाय, झेंडी धर" म्हणा. फावडं आपोआप सुटतं. नव्या गड्याला तर पहिला आठवडाभर असंच अधूनमधून काढत राहा, अंगाला ऊन सवयीचं व्हायला आठ-पंधरा दिवस लागतातच.

माल ९० डिग्रीच्या खाली यायच्या आत रोलिंग संपवावं लागतं, म्हणजे डंपर आला की कुणाला बसता येत नाही. म्हणून माल बनतो त्या प्लँटला फोन करून गाडी निघाली का विचारत जा आणि मोठ्यानं सांगा, वीस मिनिटं आहेत, बसा. नाहीतर लोक उगाच फावडं धरून उन्हात उभे राहतात.

बायका पाणी कमी पितात. का, तर जायला आडोसा नसतो, आणि आपलं रान म्हणजे सगळं सपाट. चार बांबू अन् ताडपत्री, एवढंच लागतं. हे मुकादम स्वतःहून करत नाही, तुम्हीच मागं लागा.

कुणी असंबद्ध बडबडायला लागला, अंग तापलं, तर सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, लगेच १०८. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

आणि जेवताना गाडीच्या एसीत बसू नका. भाकरी-ठेचा, कांदा पुढं आला की घ्यायचा, नको म्हटलेलं त्यांना लागतं. दुसऱ्या दिवशी येताना दोन किलो काकड्या आणा. बिल ऑफिसला लावत बसू नका, पास होत नाही.