भिजलेलं पुस्तक लगेच उघडू नका

ग्रंथालयात पाणी शिरलं की पहिली चूक होते ती घाईची. लोक ओली पुस्तकं उचलतात, उघडतात आणि कडक उन्हात पसरतात. कागद वेडावाकडा होतो, बांधणी आखडते. आधी वीज बंद आहे ना ते बघा, मग फोटो काढा, विम्याला लागतात.

खरी शर्यत बुरशीशी. दमट हवेत ती ४८ तासांतच धरू शकते. तेवढ्यात सगळं सुकणार नसेल, तर पुस्तकं सरळ गोठवा. ऐकायला विचित्र वाटेल, पण उणे १८ अंशांच्या आसपास बुरशीची वाढ थांबते आणि मग सवडीने थोडी थोडी काढून सुकवता येतात. प्रत्येक पुस्तक मेणकागदात गुंडाळून, कणा खाली करून खोक्यात एकाच थरात ठेवा. चकचकीत कागदाची पुस्तकं सगळ्यात आधी. ती सुकता सुकता पानं अशी चिकटतात की पुस्तकाची वीट होते.

नुसती ओलसर असतील ती उभी करा, पानं किंचित फाकवून. अधूनमधून टीपकागद घाला, ओला झाला की बदला. पंखा चालू ठेवा, पण झोत थेट पुस्तकांवर नको.

शीतगृहाचा फोन नंबर आणि आधी वाचवायच्या पुस्तकांची यादी आजच करा. एक प्रत घरी ठेवा. ग्रंथपालाच्या टेबलाच्या खणातली यादी पुरात पुस्तकांबरोबरच भिजते.