पत्र्याचा भाव हलतो तेव्हा प्रेस पार्टचा दर

प्रेस पार्टचा (प्रेस मशीनवर पत्रा दाबून-कापून बनवलेल्या भागाचा) एकच ठोक दर ठरवला की पत्रा महागताच पुरवठादार माल अडवतो, उतरला की गप्प राहतो. आम्हाला लागू पडली ती दराची फोड: (एका भागाला लागणाऱ्या पत्र्याचे ढोबळ, म्हणजे भंगारासकट वजन × पत्र्याचा भाव) − (भंगाराचे वजन × भंगाराचा भाव) + मजुरी. समजा १.२५ किलो पत्रा ६० रुपयांनी, ०.२५ किलो भंगार ३० रुपयांनी, मजुरी १२, दर ७९.५० रुपये. पत्रा ४ आणि भंगार २ रुपयांनी चढले, तर वाढ फक्त ४.५० रुपये. सरसकट टक्केवारीने वाढ कधीच देऊ नका, मजुरी विनाकारण फुगते. भाव तिमाहीला तपासा.

पुरवठादाराला भाग बनवायला पत्रा स्वतः पुरवत असाल तर तो पाठवल्याचे चलान जपून ठेवा. तो पत्रा (किंवा त्याचे भाग) १ वर्षात परत आला नाही, तर पाठवल्या दिवशीच विकला असे धरून जीएसटी लागतो.