डोंगरउतारावर लॉज बांधायचं? आधी एक पावसाळा थांबा

महाबळेश्वर-पाचगणी हे २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तिथे लॉज बांधायचं असेल, तर नकाशा काढण्याआधी एक पावसाळा जागा नीट बघा. पाणी कुठून वाहतं, कुठे झिरपतं, तिथे खुंट्या ठोका. त्या वाटांवर काहीही बांधू नका, साधी पायवाटसुद्धा नाही. उतार कापून सपाट करण्यापेक्षा छोट्या खोल्या खांबांवर उचला, म्हणजे माती आणि मुळं जागेवर राहतात. भिंती जांभ्याच्या; छप्पर उतरतं आणि पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील इतकं बाहेर. बागेत सिल्व्हर ओकसारखी परदेशी झाडं आणि लॉन नकोच. जांभूळ, हिरडा, पिसा यांची रोपं आसपासच्या बियांपासून तयार करा. कारवी हे डोंगरउतारावरचं झुडूप असेल तर तिला हातही लावू नका, उतारावरची माती ती धरून ठेवते.