नाशिकहून आल्प्सकडे: कुटुंबाने स्कीइंग शिकताना

नोकरीनिमित्त नाशिकहून स्वित्झर्लंडला गेलेल्या कुटुंबासमोर पहिल्याच हिवाळ्यात एक प्रश्न उभा राहतो. फेब्रुवारीच्या सुमारास शाळांना क्रीडा-सुट्टी लागते, मुलांचे वर्गमित्र बर्फावर निघतात आणि आपण मात्र काय करावे हे न सुचून घरी बसतो. तिथे तीन हिवाळे काढून आम्ही गंगापूर रोडवरच्या घरी परतलो. आता तिकडे निघालेली मंडळी विचारायला येतात, तेव्हा माझा पहिला आग्रह हाच असतो की मुलांना स्कीइंगच्या वर्गात सोडून आई-वडिलांनी खाली कॉफी पीत बसू नये. वर्गात सर्वांनी जावे, मात्र स्वतःच्या मुलांना स्वतः शिकवू नये.

तयारी नाशिकमध्येच सुरू करता येते. स्कीइंगमध्ये सगळा भार मांड्यांवर येतो आणि तोही गुडघे किंचित वाकवून शरीर तोलून धरताना. आपल्याला चढण्याचे कौतुक असते. पण येथे उपयोगी पडते ते उतरणे. निघण्यापूर्वी दीड-दोन महिने पांडवलेणीच्या पायऱ्या आठवड्यातून तीनदा सावकाश, कठड्याचा आधार न घेता उतराव्यात आणि जमल्यास एखाद्या रविवारी अंजनेरी करावी. उतरताना मांड्या जशा भरून येतात, तशाच त्या पहिल्या दिवशी बर्फावर भरून येणार आहेत. घरी भिंतीला पाठ टेकून खुर्चीत बसल्यासारखे मिनिटभर राहण्याचा सराव मुलेही आवडीने करतात.

विम्याचे काम पोहोचताच उरकावे. आठवड्याला किमान ८ तास एका मालकाकडे नोकरी करणाऱ्याला नोकरीबाहेरच्या अपघातांचेही संरक्षण मिळते. मुलांचे आणि नोकरी नसलेल्या जोडीदाराचे अपघात-संरक्षण मात्र आरोग्यविम्यात समाविष्ट करून घ्यावे लागते. डोंगरावरून सुटका करण्याचा खर्च मूळ आरोग्यविमा निम्माच देतो आणि तोही वर्षाला ५,००० फ्रँकपर्यंत. रेगा या हवाई बचाव संस्थेचा १४१४ हा क्रमांक सर्वांच्या फोनमध्ये असावा.

शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटमधले जाड स्वेटर गावात फिरायला उत्तम. बर्फावर मात्र अंगालगत घाम शोषून न ठेवणारा थर, त्यावर पातळ लोकर किंवा फ्लीस आणि बाहेरून पाणी न शिरणारे जाकीट हवे. सुती गंजी घामाने भिजते आणि मग अंग गार पडते. स्की, बूट आणि हेल्मेट पहिल्या वर्षी भाड्याने घ्यावेत.

बुटांसाठी मात्र दुकानात अर्धा तास गेला तरी चालेल. ताठ उभे राहिल्यावर बोटे पुढे अलगद टेकावीत, गुडघे वाकवल्यावर ती सुटावीत आणि टाच जागची हलू नये. आत एकच पातळ, लांब मोजा घालावा. आमच्या मुलीला पहिल्या दिवशी आजीने विणलेले लोकरी मोजे आम्ही दुसऱ्या मोज्यावर चढवले होते. अर्ध्या तासात ती पाय गोठले म्हणून रडू लागली. प्रशिक्षिकेने तिला बर्फावर बसवले, बुटाचे चारही चाप उघडले, लोकरी मोजे काढून माझ्या हातात दिले आणि पातळ मोज्यावर बूट पुन्हा चढवला. थोड्याच वेळात तिची बोटे उबदार झाली, कारण पाय आवळला गेल्यामुळे रक्तच पुरेसे फिरत नव्हते. बूट स्कीला धरून ठेवणारी पकड दुकानदार वय, उंची, वजन, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य पाहून बसवतो. तिथे वजन संकोचाने कमी सांगू नये आणि कौशल्य वाढवूनही सांगू नये. पकड चुकीची बसली, तर पडताना स्की सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो, किंवा ती भलत्याच वेळी सुटते.

वर्गात आधी थांबणे शिकवतात. दोन्ही स्कींची टोके जवळ आणि मागची बाजू फाकलेली, असा हा आकार; जर्मनमध्ये त्याला नांगर म्हणतात, तर मुलांना तो पिझ्झाचा तुकडा म्हणून सांगतात. नडग्या बुटाच्या पुढच्या भागावर दाबलेल्या ठेवाव्यात. भीतीने माणूस मागे रेलतो, आणि नेमके तेव्हाच स्कीची टोके हलकी होऊन वळण हाताबाहेर जाते. उजव्या पायावर भार दिला की स्की डावीकडे वळते, डाव्यावर दिला की उजवीकडे. पडणे अटळ वाटले, तर डोंगराच्या बाजूला कुशीवर बसावे आणि घसरणे पूर्ण थांबेपर्यंत उठण्याची धडपड करू नये. गुडघ्याच्या अनेक दुखापती त्या धडपडीतच होतात. उठताना स्की उताराला आडव्या आणि शरीराच्या खालच्या बाजूला आणाव्यात.

वणीच्या सप्तशृंगगडावरची ट्रॉली आपल्याला उचलून वर नेते. बर्फावरच्या टी-आकाराच्या दांड्यावर मात्र बसायचे नसते. तो मांड्यांमागे टेकवून उभ्यानेच ओढले जायचे असते. बसणारा पडतो, आणि पडला तर त्याने तात्काळ वाटेतून बाजूला व्हावे. सपाट पट्ट्यावरचा सराव पक्का झाला की निळ्या खुणांच्या उतारावर जावे. लाल अधिक तीव्र आणि काळा सर्वांत कठीण असतो. पुढे, म्हणजे खाली असलेल्याला आधी वाट मिळते, आणि त्याला टाळण्याची जबाबदारी वरून येणाऱ्याची असते. हा नियम मुलांकडून पाठच करून घ्यावा.

ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकू शकतो. म्हणून हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडांनाही सनस्क्रीन लावावे. पोळीचे रोल जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवावेत, बाहेरच्या खिशात ते कडक होतात. शेंगदाण्याची चिक्की मात्र कुठेही चालते.

दुपारी तीननंतर पाय थकतात, उतारही खडबडीत होतो आणि मुले ‘आणखी एकच’ म्हणू लागतात. ती शेवटची फेरी टाळून सर्वांनी रोपवेच्या पाळण्यातून खाली यावे. मुक्कामी पोहोचताच बुटांचे आतले अस्तर बाहेर काढावे आणि हीटरला न चिकटवता उबदार खोलीत उभे करून ठेवावे, म्हणजे सकाळी पाय कोरड्या बुटात जातील.