फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिप: सातारा-सांगलीतून अर्ज करताना

अमेरिकेत मास्टर्स करण्यासाठीची ही फेलोशिप भारत आणि अमेरिका ही दोन्ही सरकारं मिळून देतात. मूळ करार १९५० चा. २००८ च्या नव्या करारानंतर दोन्ही देश बरोबरीचे भागीदार झाले आणि नेहरूंचं नाव जोडलं गेलं. भारतातलं काम यूएसआयईएफ (युनायटेड स्टेट्स-इंडिया एज्युकेशनल फाउंडेशन) ही संस्था पाहते. शिक्षण शुल्क, राहण्याचा खर्च, जाण्या-येण्याचं विमानभाडं आणि आजारपणाचं विमासंरक्षण यात येतं. कुटुंबाचा खर्च मात्र येत नाही.

आधी पात्रता तपासा, कारण आपल्याकडचे बरेच जण इथेच अडकतात. पदवीला किमान ५५ टक्के हवेत आणि पदवी चार वर्षांची हवी. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातून बी.टेक. केलेल्यांना अडचण नाही. शिवाजी विद्यापीठाची तीन वर्षांची बी.ए., बी.कॉम. किंवा बी.एस्सी. एकटी पुरत नाही, तिच्यावर एम.ए., एम.एस्सी. किंवा पूर्णवेळ पदव्युत्तर पदविका लागते. शिवाय निवडलेल्या विषयाशी संबंधित, पगारी, पूर्णवेळ कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा. इंटर्नशिपवर विसंबू नका. विषयांची यादी ठरलेली असते आणि ती बदलू शकते, म्हणून त्या वर्षीची सूचनाच वाचा.

अर्जाची मुदत बहुधा मे महिन्यात संपते आणि प्रवेश पुढच्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरचा असतो. त्यामुळे कागदपत्रांना दिवाळीनंतर लगेच लागा. नावाचा घोळ आधी मिटवा: गुणपत्रिकेवर आडनाव पुढे, पासपोर्टवर मागे, लग्नानंतर तिसरंच. अर्जात नाव पासपोर्टप्रमाणेच लिहा. नोकरीत असाल तर रजा मंजूर करू असं मालकाचं संमतिपत्र लागतं. जिल्हा परिषदेत किंवा अनुदानित संस्थेत ही फाइल टेबलाटेबलावर थांबते, म्हणून ती सगळ्यांत आधी हलवा.

शिफारसपत्रं तीन. ओळखीच्या पुढाऱ्याचं पत्र उपयोगाचं नाही. तुमचं काम रोज पाहिलेला वरिष्ठ हवा. पत्र देणाऱ्यांना पोर्टलवरून ईमेल जातो. तो स्पॅममध्ये पडतो, तेव्हा फोन करून खात्री करा.

खरी कसोटी निबंधाची. ‘मला देशसेवा करायची आहे’ या वाक्याने काहीच सिद्ध होत नाही. नगरनियोजन घेणार असाल तर असं लिहा: २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फूट गाठले, पूररेषेतल्या वस्त्यांबाबत मी हे काम केलं, इथे ज्ञान कमी पडलं, ते अमुक अभ्यासक्रमात मिळेल आणि परतल्यावर ते अमुक कामात वापरेन. माण-खटावच्या पाण्यावर काम करणाऱ्यांनीही हीच मांडणी ठेवावी.

परत येणं ही नुसती भावना नाही, अटच आहे. व्हिसा जे-१, म्हणजे शैक्षणिक देवाणघेवाणीसाठीचा, असतो. अभ्यासक्रमानंतर भारतात एकूण दोन वर्षं राहिल्याशिवाय एच-१बी (नोकरीचा व्हिसा) किंवा ग्रीन कार्ड (अमेरिकेत कायम राहण्याची परवानगी) मिळत नाही. घरच्यांना हे अर्ज भरण्याआधीच सांगा.